जानेवारीचा संकल्प लेवीयापाशी का अडतो?

वाचकाचे पत्र

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम. मी ३८ वर्षांची आहे. माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातले. आजोबांच्या घरी रोज दिवेलागणीला कौटुंबिक उपासना होत असे आणि एक गीत, एक अध्याय व प्रार्थना झाल्याशिवाय ताट वाढले जात नसे. आता मी पिंपरी-चिंचवडला राहते. सकाळी साडेसातला हिंजवडीची कंपनीची बस धरते आणि सायंकाळी सातनंतर घरी पोहोचते. घरी सासूबाई आणि दोन मुले आहेत. यजमान चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. दर जानेवारीला मी वर्षभरात बायबल वाचून काढण्याचा संकल्प करते आणि दर फेब्रुवारीला तो लेवीयाच्या पुस्तकापाशी मोडतो. रात्री अंथरुणावर प्रार्थना सुरू करते आणि मध्येच झोप लागते. माझ्या जाऊबाई पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करतात. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला सभेत सगळ्या आपापली साक्ष देतात, माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसते, म्हणून हल्ली मी तिथे जाणेही टाळते. माझा विश्वास थंडावला आहे का? बारा वर्षांचा मुलगा प्रार्थनेला बसायला तयार नसतो, त्याचे काय करावे? आणि मला मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ईस्टरआधीच्या उपवासकाळात उपवास करावा का?

— एक भगिनी

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवू. वाचनाची एक योजना तुमच्याच्याने पार पडत नाही, ही एक गोष्ट आणि तुमचा विश्वास थंडावला आहे, ही दुसरी. पहिलीवरून तुम्ही दुसरीचा निष्कर्ष काढला आहे आणि तो मला मान्य नाही. ज्याचा विश्वास खरोखर थंडावतो, त्याला फेब्रुवारीत संकल्प मोडल्याची खंत वाटत नाही आणि तो पुढच्या जानेवारीत पुन्हा पुस्तकही उघडत नाही.

योजनेचे गणित पाहा. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात ते पुरे करायचे तर रोज तीनांहून थोडे अधिक अध्याय वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय या गतीने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संपतात आणि त्यानंतर होमबली, अन्नबली, त्वचारोगाची परीक्षा व शुद्धीकरणाचे विधी सांगणारे २७ अध्याय समोर येतात. निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मापे वाचून माणूस आधीच दमलेला असतो. तेव्हा फेब्रुवारीत अडखळणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. अनेक मंडळ्यांतील पाळकांना हे ठाऊक असते, तरी वर्षाच्या आरंभी वाचनाचे तेच तक्ते छापून वाटले जातात. लेवीय हे पुस्तक मोठे आहे आणि ते नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाशेजारी ठेवून, जाणकाराच्या सोबतीने वाचले तर फार देते; पण दिवसभराच्या कामाने थकलेल्या, एकट्याने वाचणाऱ्या बाईने ते अध्यायांची संख्या भरून काढण्यासाठी वाचावे, असे त्याचे स्वरूप नाही.

माझी पहिली सूचना अशी की ही योजना या वर्षापुरती सोडून द्या आणि सोडल्याचे दुःख करू नका. येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. त्याचे सोळाच अध्याय आहेत; रोज अर्धा अध्याय वाचला तरी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. जुन्या भाषांतराची भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतील भाषांतर घ्या आणि त्यात काही कमीपणा मानू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमधील साध्या स्त्रियांना समजेल अशा भाषेत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने ज्या वाचकांसाठी एवढे कष्ट घेतले, त्या वाचक तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

दुसरी सूचना पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढू नका. बहुतेक चांगल्या सवयी या एका ठिकाणी मरतात. चार दिवस वाचन राहिले की पाचव्या दिवशी पाच दिवसांचे वाचन डोक्यावर बसते, ते होत नाही, मग आठवड्याचे साचते आणि शेवटी पुस्तकाकडे पाहणेही नकोसे होते; पतसंस्थेचे हप्ते थकलेला माणूस जसा त्या रस्त्याने जाणेच टाळतो, तसे आपण देवाला टाळू लागतो. परंतु देवाकडे तुमची थकबाकी नाही. तारण कृपेने व विश्वासाद्वारे आहे, कर्माने नव्हे, हे प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिले आणि त्याच पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला भक्तीसाठी कसरत करावयासही सांगितले. या दोन्ही गोष्टी एकाच प्रेषिताच्या लेखणीतून आल्या आहेत, त्यामुळे त्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. प्रार्थना व वाचन यांनी देवाची मर्जी विकत घेता येत नाही, ती आधीच मिळालेली आहे. या सवयींमुळे आपण मात्र रोज काही क्षण त्याच्यासमोर थांबतो, आणि जो थांबत नाही त्याला ऐकूही येत नाही. म्हणून मंगळवारी चुकले तर बुधवारी बुधवारचेच वाचा आणि मंगळवार कृपेवर सोडा.

आता वेळेविषयी. तुमच्या जाऊबाईंच्या पहाटेच्या प्रार्थनेबद्दल मला आदर आहे, परंतु पहाटे चार ही देवाने ठरवून दिलेली वेळ नाही. प्रभू येशूने पहाटेच्या अंधारात एकांती जाऊन प्रार्थना केली, हे मार्क सांगतो. तोच मार्क, दिवसभर लोकसमुदायाला शिकवून व जेवू घालून झाल्यावर सायंकाळी तो डोंगरावर प्रार्थनेसाठी गेल्याचेही सांगतो, आणि बारा प्रेषितांना निवडण्यापूर्वी त्याने संपूर्ण रात्र प्रार्थनेत घालवली, हे लूक नोंदवतो. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत असे. जाऊबाई रात्री किती वाजता झोपतात, हेही एकदा विचारून पाहा. तुम्ही रात्री साडेअकराला ओटा आवरून पाठ टेकत असाल आणि चारला उठत असाल, तर आठ दिवसांत त्याचा त्रास मुलांना आणि सासूबाईंना सोसावा लागेल. एलीया संदेष्टा निराश होऊन रानातील झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले, आणि होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली. प्रार्थना करताना तुम्हाला झोप लागते, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. अंथरूण ही झोपेचीच जागा आहे. मुख्य प्रार्थना तिथून हलवा, एवढेच मी म्हणतो.

तुमच्याजवळ एक वेळ आहे जी तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, ती म्हणजे बस. पिंपरी-चिंचवडहून हिंजवडीपर्यंतच्या सकाळच्या वाहतुकीत निदान पाऊण तास तरी तुम्ही बसून असता आणि त्या वेळात स्वयंपाकघरातून कोणी हाक मारीत नाही. बस सुरू झाली की पहिली दहा-पंधरा मिनिटे मार्कसाठी राखून ठेवा आणि शक्य असल्यास नव्या कराराची लहान छापील प्रत पर्समध्ये ठेवा. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या वचनावर माझा फारसा भरवसा नाही. संदर्भातून उचललेले एकच वाक्य, मागे सूर्योदयाचे चित्र आणि लगेच खाली बँकेचा संदेश, यातून वचन मनात उतरत नाही. शिवाय आश्वासनाची वचने सारखी येत राहतात आणि आमोस संदेष्ट्याची किंवा याकोबाच्या पत्रातील बोचरी वचने क्वचितच येतात. मात्र गर्दीत उभे राहावे लागले, तर मोबाइलवरून शास्त्र ऐकायला काहीच हरकत नाही. मंडळीच्या इतिहासात बहुतेकांनी शास्त्र कानांनीच घेतले आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील मिशनांच्या बायबल स्त्रिया घरोघरी जाऊन अक्षरओळख नसलेल्या बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवीत, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन या वाटा धरल्या, त्याही लोकांना जे आधीच कानांनी परिचित होते त्यातूनच ख्रिस्त कळावा म्हणून.

वाचायचे कसे, याबद्दल थोडेच सांगतो. अर्धा अध्याय एकदा सलग वाचा आणि जे वाक्य अडले, खटकले किंवा आवडले, त्यापाशी थांबून ते पुन्हा वाचा. मग त्यावरूनच देवाशी दोन शब्द बोला. लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, मंडळीतील मठवासी शतकानुशतके साधारण असेच वाचत आले आहेत. वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतेच देवासमोर शांत राहणे, असा त्यांचा क्रम आहे. खटकलेले वाक्य वहीत लिहून ठेवा. शंका लिहून ठेवली तर ती पाळकसाहेबांना विचारता येते. दाबून टाकली तर ती वाचनावरच रुसून बसते.

प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर दुसऱ्यांचे शब्द घ्या. आपल्या प्रोटेस्टंट घरांत एक समज घट्ट बसला आहे, तो म्हणजे उत्स्फूर्त प्रार्थना तेवढी खरी आणि पाठ केलेली पोकळ. मला तो पटत नाही. शिष्यांनी प्रार्थना शिकव म्हणून विनंती केली, तेव्हा प्रभूने त्यांना पाठ करता येईल अशीच प्रार्थना दिली. वसईतील आणि गोव्यातील कॅथलिक घरांत सायंकाळी कुटुंब एकत्र बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते; तिच्या ईश्वरविज्ञानाशी आपले मतभेद असू शकतात, पण थकलेल्या माणसालाही म्हणता येईल अशी प्रार्थना हाताशी असण्याचे महत्त्व त्या घरांना कळले आहे. तुमच्याजवळ प्रभूची प्रार्थना आहे, आजोबांच्या घरी पाठ झालेली गीते आहेत आणि स्तोत्रसंहितेची दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राचा आरंभच ‘किती काळ?’ या प्रश्नाने होतो, आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तर शेवटी सांत्वनाची ओळसुद्धा नाही, ते अंधारातच संपते. ज्या मंडळीने असे स्तोत्र आपल्या उपासनेच्या पुस्तकात शतकानुशतके राखले, ती मंडळी तुमच्या कोरड्या दिवसांना घाबरणार नाही. मदर तेरेसांची पत्रे त्यांच्या निधनानंतर, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की अनेक दशके त्यांना प्रार्थनेत देवाच्या सान्निध्याचा अनुभव जवळपास येत नव्हता. आणि त्या सगळ्या वर्षांत त्या पहाटेच्या प्रार्थनेला बसत होत्या व दिवसभर मरणासन्न माणसांची सेवाही करीत होत्या.

अंथरुणावरची वेळही अगदी सोडू नका. तिचे काम तेवढे बदला. तिथे लांब प्रार्थना करण्याऐवजी सरलेला दिवस मागे जाऊन पाहा. आज कशाबद्दल उपकार मानावेसे वाटतात आणि आज कोणाशी चुकीचे वागले, एवढे दोनच प्रश्न. येशू संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या अनुयायांना रोज असे आत्मपरीक्षण करायला लावले होते. दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधी झोप लागली, तरी उपकारस्तुती करून झोपलात, हे काय कमी आहे?

आता तुमच्या पत्रातील मला सर्वांत चिंतेची वाटलेली गोष्ट, आणि ती लेवीय किंवा झोप नव्हे. तुम्ही महिला सभेला जाणे टाळता, ही ती गोष्ट. कारण मला समजते. आपल्या बहुतेक सभांमध्ये साक्ष म्हणजे आजार बरा झाला, नोकरी लागली, घराचे कर्ज मंजूर झाले, अशाच गोष्टींची साक्ष होऊन बसली आहे. सहा महिने प्रार्थना करूनही काहीच घडले नाही, तरी मी अजून प्रार्थना करते आहे, असे कोणी उभे राहून सांगत नाही. हा दोष सभेचा आहे, पण त्यावर उपाय घरी बसणे हा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीचे वर्णन येते, त्यात शिकवण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टी आहेत आणि चारही एकत्र मिळून करायच्या आहेत. एकट्याची सवय एकट्याच्या लहरीवर टिकते.

१७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मेथडिस्ट चळवळीतील लोकांवर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि सुमारे बारा जणांच्या गटामागे एका पुढाऱ्याने ती गोळा करावी, असे ठरले. पैसे मागायला घरोघरी गेलेल्या पुढाऱ्यांना कोणाच्या घरी दारू शिरली आहे, कोणाचे नवरा-बायकोचे पटत नाही, कोण विश्वासात खचले आहे, हे दिसू लागले, आणि वेस्लीच्या ध्यानात आले की मंडळीला हवी असलेली व्यवस्था आपल्या हाती आयतीच आली आहे. त्यातून दर आठवड्याला लहान गटाने भेटून एकमेकांच्या जिवाची विचारपूस करण्याची पद्धत रुजली, आणि मेथडिस्ट चळवळ पुढे एवढी टिकली, याचे एक मोठे कारण हे गट होत, असे माझे मत आहे. तुम्हाला बारा जणी शोधायच्या नाहीत. एक भगिनी पुरे, आणि ती सभेत सगळ्यांत कमी बोलणारी असेल तर उत्तम. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात दहा मिनिटे उभ्या राहा आणि या आठवड्यात काय वाचले, कुठे अडले, कोणासाठी प्रार्थना करायची, एवढेच एकमेकींना विचारा. तुमचे वाचन महिनाभर बंद पडले, तरी ते कोणाला तरी सांगावे लागेल, आणि सांगितलेली गोष्ट पुन्हा सुरू करणे सोपे जाते.

वाढ होते आहे की नाही हे कसे ओळखावे, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्राच्या मुळाशी तो प्रश्न आहे. तुम्ही ती अध्यायांच्या आणि तासांच्या संख्येत मोजता आहात. पौलाने गलतीकरांना आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे लिहिली. त्यांत प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता यांसारखी नावे आहेत आणि वाचलेल्या अध्यायांचा उल्लेख नाही. सहनशीलता आणि सौम्यता एकटीने खोलीत बसून वाढवता येत नाहीत. त्या सासूबाईंनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तेव्हा, कंपनीतल्या कनिष्ठ सहकाऱ्याकडून चूक झाली तेव्हा, यजमान रात्रपाळी करून चिडचिडत घरी आले तेव्हाच वाढतात. म्हणून एखादी सवय हातांचीही असावी. मिझोराममधील मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक प्रथा आहे. घरातील स्त्री दर वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवते. मंडळी ते गोळा करून विकते आणि तो पैसा सुवार्तेच्या व सेवेच्या कामाला जातो. गरीब घरांतून, मूठ-मूठ करून, त्या मंडळ्यांनी मिशनकार्याचा मोठा भार पेलला आहे. मला या प्रथेत विशेष आवडते ते हे की तिला वेगळा वेळ लागत नाही. स्वयंपाक तर रोज करायचाच असतो; त्यातच दररोज दोनदा दुसऱ्याची आठवण होते. तुमच्या ओट्याशेजारी असा एक डबा ठेवा. महिन्याच्या शेवटी तो कोणाच्या घरी जाईल, हे मुलांना ठरवू द्या आणि पोहोचवायला त्यांनाच सोबत न्या.

यातच तुमच्या मुलाविषयीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. बारा वर्षांच्या मुलाला अर्धा तास डोळे मिटून बसवले तर तो प्रार्थना शिकत नाही, डोळे किलकिले करून घड्याळ पाहायला शिकतो. घरची उपासना दहा मिनिटांच्या आत आटोपा. गीत सासूबाईंनी निवडावे, दहा-बारा वचने मुलाने मोठ्याने वाचावीत, धाकट्याने एका माणसाचे नाव प्रार्थनेसाठी सांगावे आणि सर्वांनी प्रभूची प्रार्थना म्हणावी. यजमानांची दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात हे सकाळी करा, आणि जमलेच नाही तर शनिवार-रविवारपुरतेच ठेवा. मुलाने ‘हे खरंच घडलं का?’ असे विचारले तर त्याला गप्प करू नका. तो ऐकतो आहे, याचा तो पुरावा आहे. देवाची वचने मुलांना घरी बसताना आणि वाटेने चालताना सांगावीत, असे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटले आहे, तेव्हा त्याला स्कूटरवरून शिकवणीला सोडतानाचा वेळही यात धरा. एखाद्या दिवशी तो बसायला नाहीच म्हणाला, तर त्याच्यावाचून उपासना करा, दार उघडे ठेवा आणि नंतर त्यावरून टोमणा मारू नका.

उपवासाबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका, आणि त्यांनी नको म्हटले तर तो देवाचा नकारच समजा. कोणी सभेत याला विश्वासाची कमतरता म्हटले तर त्यांना यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचायला सांगा, जिथे देव आपल्याला आवडणारा उपवास कोणता ते सांगतो: भुकेल्यास आपली भाकर वाटून देणे आणि जाचलेल्यांना मोकळे करणे. उपवासकाळाचे, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळता, चाळीस दिवस मिळतात. त्या दिवसांत रात्रीचे जेवण झाल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, बाहेरून जेवण मागवणे बंद करा आणि त्यातून वाचलेली रक्कम त्या तांदळाच्या डब्यासोबत द्या. गोळ्या आणि जेवण वेळेवर घ्या.